डाग बाहेरच्या बाजूला

सातव्या मजल्यावरच्या रिकाम्या मीटिंगच्या खोलीत ती काचेशी भांडत होती. म्हणजे पुसत होती काच आणि भांडत होती साहेबांशी. पण साहेब तिथे नव्हते, त्यामुळे जे काही ऐकून घ्यायचं ते काचेलाच ऐकून घ्यावं लागत होतं.

"साहेब, एक बाई एक मजला, ही पद्धत आधी मोडीत काढा," ती हातातलं फडकं नाचवत म्हणाली. "तिनेच कचरा उचलायचा, तिनेच धूळ पुसायची, तिनेच फरशी, तिनेच संडास. बादली बदल, फडकं बदल, हातमोजे बदल... निम्मा वेळ बदलाबदलीतच जातो. त्यापेक्षा एक बाई, एक काम. कचरेवाली सगळ्या मजल्यांचा कचरा उचलेल, फरशीवाली तिच्या मागून येईल. आणि हे सगळं दिवसा, साहेब. ऑफिसं सुरू असताना. आमच्या बायकांनी अंधार पडल्यावरच घरी का जायचं? त्यांना पोरंबाळं नाहीत?"

शेवटच्या वाक्याला आवाज जरा कापला. ते काही तिला आवडलं नाही. कंबरेवर हात ठेवून, हनुवटी वर करून तिने ते पुन्हा म्हणून पाहिलं... आणि तेवढ्यात काचेच्या वरच्या कडेला दोन बूट दिसले.

बूट खाली आले. बुटांवर पाय होते, पायांवर एक लाकडी फळी, आणि फळीवर बसलेला एक धडधाकट माणूस. वायपर काखेत धरून तो टाळ्या वाजवत होता.

हातातलं फडकं बादलीत पडलं आणि बादलीतलं पाणी तिच्याच चपलांवर उडालं. बाहेरच्या काचा दोरावरची माणसं धुतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. त्यांचा ठेका वेगळा, त्यांच्या वेळा वेगळ्या, आणि आतल्या सफाईचा त्यांच्याशी कधी संबंध येत नसे. पण माहीत असणं वेगळं आणि आपलं भाषण ऐन रंगात आलेलं असताना हवेत लटकणारा श्रोता दिसणं वेगळं.

काचेच्या बाजूला हवेसाठी एक उभी झडप होती. जेमतेम हात जाईल एवढीच ती उघडायची, आणि नेमकी त्या दिवशी उघडी होती.

"मला तर पटलं बुवा," झडपेतून आवाज आला. "साहेबांचं माहीत नाही."

"तुम्ही... कधीपासून ऐकताय?"

"संडासापासून," तो गंभीरपणे म्हणाला.

तिने धाडकन झडप लावून घेतली. त्यावर त्याने काय करावं? काही नाही, आपलं काम केलं. काचभर साबण फिरवला आणि फेसाआड दिसेनासा झाला. मग वायपरचा एक पट्टा ओढला, तशी भुवई दिसली. दुसरा पट्टा, तसे डोळे. तिसऱ्या पट्ट्यात हसू. तिला खरं तर खालच्या मजल्यावर जायचं होतं, तिथे दोघीजणी वाट बघत होत्या. पण ती आपली उभी, चेहरा पुरा होईपर्यंत.

या बाईंना सगळी इमारत सुपरवायझर म्हणून ओळखायची आणि हाताखालच्या बायका पाठीमागे घड्याळबाई म्हणायच्या. कुणी कुठे, किती वाजता, कुठलं फडकं घेऊन उभं असायला हवं हे तिच्या डोक्यात सतत टिकटिकत असे. लाल फडकं संडासाचं, निळं काचेचं, पिवळं टेबलांचं. चुकून एकीचं दुसरीकडे गेलं तर ती मजल्याच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायची. असं माणूस कुणाला फारसं आवडत नाही, पण बायकांना ती आवडायची. कारण तिने पाळी लावली की कुणाच्या वाट्याला दुसरीचं काम यायचं नाही.

दिवसाच्या सफाईचा हट्ट मात्र घड्याळाचा नव्हता. तो तिच्या पोटातून आलेला होता. तिची आईही असल्याच इमारती झाडायची, ऑफिसं सुटल्यावर. शाळेतून आलं की आई निघायच्या तयारीत, आणि आई आली की ही झोपलेली. आई म्हणजे तिच्या लेखी सकाळी चुलीपाशी पाठमोरी दिसणारी एक बाई होती. आई गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दोघी संध्याकाळी एकत्र जेवल्याचं आपल्याला आठवतच नाही. म्हणून हे भाषण, आणि म्हणूनच ते वाक्य म्हणताना आवाज कापायचा.

मॅनेजरसाहेबांसमोर तो कापला नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, पेन दोनदा उघडलं, मिटलं, आणि चक्क हो म्हणाले. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण साहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. उन्हाळा संपेपर्यंत करून बघा, म्हणाले. पण कुठल्याही ऑफिसातून एकाने जरी 'पूर्वीचं बरं होतं' असं म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा संध्याकाळची पाळी. मग माझ्याकडे यायचं नाही.

आणि सफाई उजेडात आली. आवाज करणारी मशीनं माणसं यायच्या आत फिरून जायची. मग कचऱ्याची फेरी, ती मावशीकडे. मावशी सगळ्यांत वयस्कर, कुणाचीच सख्खी मावशी नाही आणि म्हणून सगळ्यांची. तिच्या मागून टेबलं आणि काचा, आणि लोक जेवायला उठले की दोन जावा मॉप घेऊन फरशीवर. या जावा घरी एकमेकींचं तोंड बघत नसत, पण त्यांचे मॉप असे एका लयीत चालायचे की बघत राहावं. ऑफिसातल्या लोकांना पहिला आठवडाभर धक्क्यांवर धक्के बसले. इतकी वर्षं त्यांची समजूत असावी की कचऱ्याचे डबे आपोआप रिकामे होतात. टेबलाशी एक जिवंत बाई उभी राहून 'जरा पाय वर घेता का' म्हणते म्हटल्यावर एका गृहस्थांनी तर दोन्ही पाय थेट खुर्चीवरच घेतले.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग डाग दिसला.

त्याच मीटिंगच्या खोलीच्या काचेवर, झडपेच्या जवळ, पांढुरका ओघळ. सुपरवायझरबाईंनी काचेला बोट लावून पाहिलं. बोट आणि बोटाचं प्रतिबिंब यांच्यामध्ये फट पडते, त्यावरून डाग कुठल्या बाजूचा ते कळतं. डाग बाहेरचा होता. लोंबकळ्याचा. हे नाव मावशीने ठेवलेलं. झाडाला भोपळा लोंबकळावा तसा लोंबकळतो म्हणून. आता बाहेरच्या काचेचा डाग तिच्या खात्यातला नव्हे, हे तिला माहीत. पण मीटिंगला बसलेल्या माणसाला ते कोण सांगणार? तो म्हणणार, दिवसा सफाई करतात ना, मग असंच व्हायचं. तिने ताबडतोब फोटो काढला आणि साहेबांना पाठवला. खाली लिहिलं: डाग बाहेरच्या बाजूला आहे.

दुसऱ्या दिवशी बूट खाली आले.

"डाग तुमच्या बाजूला आहे," त्याने झडपेतून सांगितलं.

"तुमच्या."

"बोट लावून बघा."

तिने आतून डागावर बोट टेकवलं. त्याने बाहेरून तिथेच टेकवलं. काच गार होती, मध्ये बोटभर जाडीची, आणि दोन बोटं अशी समोरासमोर... तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. डाग त्याच्याच बाजूला होता हे त्याने कबूल केलं, पण ओठांच्या कोपऱ्यात असं काही हसत, की जणू कबूल तिनेच काहीतरी केलंय.

आठवडाभराने पुन्हा डाग, आणि पुन्हा त्याच काचेवर. तिला आश्चर्य वाटलं. त्यानंतर पुन्हा, तेव्हा रागच आला. एवढ्या मोठ्या इमारतीत याच्या हाताला घाण करायला ही एकच काच सापडते? ती प्रत्येक वेळी इमानेइतबारे फोटो पाठवायची आणि तो प्रत्येक वेळी फुकटात यायचा, कारण तक्रारीचं काम ठेकेदाराला पदरचं करून द्यावं लागतं. वरून खाली येता येता तो तिला वाऱ्याच्या बातम्या सांगे. आठव्या मजल्यावर सुटलेला वारा सहाव्यावर कसा पडतो ते सांगे. वर चरखी कोण फिरवतं, असं तिने एकदा विचारलं. "दाजी," तो म्हणाला. "बहीण त्यांच्या हातात दिली, मग दोर द्यायला काय हरकत." ती हसली. आणि आपण कामाच्या वेळेत, मजल्याच्या मधोमध, मोठ्याने हसलो या गोष्टीने इतकी दचकली की तिने इकडेतिकडे पाहिलं. दारात मावशी कचऱ्याची पिशवी घेऊन उभी होती आणि छताकडे बघत होती.

"तुम्ही दिवसभर घड्याळात बघता," एकदा तो म्हणाला. "इथे आलात की नाही बघत."

"काय म्हणता? मी बघते."

"मग किती वाजले?"

तिला सांगता आलं नाही. मान वळवून बघेपर्यंत तो फेसाआड गेला होता, आणि फेसाच्या पलीकडून कुणीतरी शीळ घालत होतं.

प्रेमात पडलेल्या माणसाला सगळ्यांत शेवटी कळतं म्हणतात. इथे तर शेवटी कळणारी बाईच सगळ्यांच्या पाळ्या लावणारी होती. रोज कामावर आल्यावर आपण आधी सातव्या मजल्यावर का जातो, याचं उत्तर तिच्याकडे तयार असे: डाग बघायला. डाग नसला की छातीत काहीतरी खाली बसल्यासारखं का होतं, याचं उत्तर मात्र तिने शोधलं नाही.

मग एक दिवस साहेबांनी बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते म्हणाले, ऑफिसांकडून एकही नाराजी नाही. काचेचं तेवढं गालबोट, आणि त्याचा बंदोबस्त केलाय. दोरवाल्यांना नारळ दिला. आज त्यांचा शेवटचा दिवस.

तिला वाटलं खुर्ची मागे सरकली. पण ती उभीच होती, खुर्ची नव्हतीच.

"शेवटचा... का?"

"का म्हणजे? तुमच्याच तक्रारी," साहेब म्हणाले. "इतक्या पक्क्या, फोटोसकट, की मला डोकं चालवावंच लागलं नाही. शाब्बास."

आपण डागाची तक्रार करत होतो की माणसाची, हे तिने एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. फोटोत डाग असायचा. डागामागे दोर असतो, दोराला माणूस असतो, माणसाला पोट असतं, हे काही फोटोत येत नव्हतं.

ती जिन्याने धावत सातव्यावर गेली. लिफ्टची वाट बघण्याएवढा धीर नव्हता. काचेबाहेर तो आधीच होता, तो ताजा ओघळ पुसायच्या तयारीत. तिला बघून त्याने मान झुकवली.

"शेवटचा डाग आहे," तो म्हणाला. "जरा सावकाश पुसतो."

तिने झडप पूर्ण उघडली, जेवढी उघडते तेवढी. मला माहीत नव्हतं, ती म्हणाली. मी काचेची तक्रार केली होती, तुमची नाही. असं काही होईल हे डोक्यातसुद्धा नव्हतं. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

"अहो, तक्रार कसली त्यात," तो म्हणाला. "आपलं जे चाललंय ते... आपल्या दोघांना ठाऊक आहे ना?"

"काय चाललंय?"

त्याने ओघळावरून बोट फिरवलं आणि ते झडपेतून आत धरलं. "वास घ्या."

लिंबाचा वास होता. तिने तो एका क्षणात ओळखला. तिनेच निवडलेलं, तिच्याच सामानाच्या खोलीतलं, जावांच्या बादलीतलं फरशी पुसायचं लिक्विड.

"आमच्या साबणाला वास नसतो," तो म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "मी पहिल्याच वेळी ओळखलं. बाहेरच्या काचेला आतलं लिक्विड लागतं कसं? या झडपेतून हात बाहेर काढल्याशिवाय नाही लागत. म्हटलं, बाई तोंडाने बोलायला लाजतात... म्हणून डाग पाडतात, नि मला बोलावून घेतात. कुणी मला असं बोलावलं नव्हतं आजवर."

ती थिजली. डोक्यात एकाच वेळी घणाचे दोन घाव बसले आणि त्यातला कुठला आधी ऐकावा ते कळेना. आपल्या माणसांनी काच घाण केली. आणि हा, इतके दिवस, हे समजून येत होता. दुर्दैवाने तिच्या तोंडातून पहिल्याच घावाचं उत्तर बाहेर पडलं.

"मी? मी काचेला डाग पाडीन? असलं काही मी जन्मात करणार नाही."

त्याने बोट मागे घेतलं. ती काचेबद्दल बोलली होती. त्याने ऐकलं ते वेगळंच, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तोवर उशीर झाला होता.

"म्हणजे तुम्ही नव्हतातच," तो म्हणाला. त्याने ओघळ पुसला, नेहमीपेक्षा नीट, एका पट्ट्यात. मग खांद्याला लावलेल्या वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "दाजी, खाली सोडा."

फळी खाली गेली. काचेत आता फक्त आभाळ होतं, लख्ख स्वच्छ.

सामानाच्या खोलीत तिने सगळ्यांना उभं केलं. मॉप भिंतीला, बादल्या ओळीत, बायका त्यांच्यापुढे. कुणी केलं, तिने विचारलं. एकीने पायाकडे पाहिलं, दुसरीने बादलीकडे. मावशीने मात्र सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"मी," मावशी म्हणाली. "वायपरच्या दांड्याला चिंधी बांधून. झडपेतून. ह्या दोघी दारात उभ्या राहायच्या."

घरी एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांनी एकदम माना हलवल्या. सुपरवायझरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ज्या बायकांना तिने कोपऱ्यातली धूळ बघायला शिकवलं, त्यांनी दांडा बांधून, पहारा लावून डाग पाडावेत. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

"पण का?"

"तू हसलीस," मावशी म्हणाली. "त्या पहिल्या दिवशी सातव्यावरून खाली आलीस तेव्हा. चपला भिजलेल्या आणि तोंडावर हसू. तुला कुणी हसताना बघितलंय का इथे? आम्ही म्हटलं, पोरीला आई नाही, कुणीतरी जमवायला नको? एवढंच केलं. तो आपणहून येईना म्हणून बोलावला. आता त्याची भाकरीच जाईल हे आम्हाला काय माहीत."

धाकटी जाऊ रडायला लागली. थोरली म्हणाली ते सरळ होतं: साहेबांना सांगितलं तर दिवसाची पाळी गेली. डाग आपल्याच माणसांनी पाडले म्हटल्यावर कोण ठेवतंय? तिच्या मुलाने आता कुठे संध्याकाळी तिच्याशेजारी बसून अभ्यास करायला सुरुवात केली होती. तो काचवाला काय, तरणाबांड आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल. थोरलीचं काही चुकत नव्हतं. आणि मावशी म्हणाली, की मी जाते साहेबांकडे, मला काढू दे. माझे गुडघे तसेही गेलेत.

ती बादली उपडी घालून तिच्यावर बसली. असं तिला कुणी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. थोरलीचं वाक्य तिला आतून कापत गेलं, कारण ते तिचंच वाक्य होतं, काचेसमोर पाठ केलेलं. तो मुलगा तिने पाहिला नव्हता, तरी ती त्याला ओळखत होती. आणि दुसरीकडे एक गोष्ट उशिरा, पण चरचरत तिच्या ध्यानात आली. त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की लिक्विड आतलं आहे. ठेकेदाराला एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी त्याचं काम वाचलं असतं. आज सकाळी, काम गेल्याचं कळल्यावरसुद्धा, तो बोलला नव्हता. कारण बोलला असता तर तिचं नाव आलं असतं.

"माझ्या आईने आयुष्यभर संध्याकाळची पाळी केली," ती शेवटी म्हणाली. "पण दुसऱ्याची भाकरी हिसकून दिवसाची मिळवली असती, तर मी ती संध्याकाळ तिच्याकडून घेतली नसती. पाळी मी लावते. जबाब मीच देणार."

कुणी तिला अडवलं नाही. थोरली तोंड फिरवून मॉप पिळत राहिली.

साहेबांना तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दांडा, चिंधी, झडप, लिंबाचा वास. कशासाठी केलं तेही सांगितलं, आणि ते सांगताना कान तापले. साहेबांनी आ वासला. पेन उघडं राहिलं आणि त्यांच्या शर्टाच्या बाहीवर शाई उमटत गेली तरी त्यांना कळलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "सगळे मजले पुसून, कचरा उचलून, काचा, टेबलं, संडास करून... वर तुमच्या बायकांकडे डाग पाडायला वेळ उरतो?"

हा प्रश्न कुठल्या बाजूने येतोय ते तिला समजेना. उरतो, ती म्हणाली. एक माणूस, एक काम असं केलं की उरतो.

"आणि पहारा ठेवायलाही."

"हो."

"संध्याकाळच्या पाळीत मला मावशीला जादा वेळेचे पैसे द्यावे लागत होते," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. त्यांनी बाहीकडे पाहिलं, ती पुसायचा प्रयत्न केला, ती आणखी पसरली. मग त्यांनी निकाल दिला. दिवसाची पाळी राहील. पण डागांना वेळ उरतो म्हणजे काम कमी पडतंय. तेव्हा जिने आणि तळघरातली पार्किंगची जागाही आजपासून तुमच्याकडे. माणसं तेवढीच. दोरवाल्यांचं काम चालू राहील. पण माफी मागणं माझ्या स्वभावात नाही. ते अजून गच्चीवरच आहेत, तुम्हीच जाऊन सांगा.

गच्चीवर ती पहिल्यांदाच आली होती. इथे पुसायला काही नव्हतं, त्यामुळे तिच्या पाळ्यांत गच्ची नव्हती. वारा असा होता की डोळे उघडे ठेवायला कष्ट पडावेत. चरखीशी एक मिशाळ गृहस्थ उभे होते. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का त्या लिंबूवाल्या?"

घरी सगळ्यांना माहीत आहे, दाजी म्हणाले. बायको तर रोज विचारते, आज डाग होता का म्हणून.

कठड्यापलीकडे फळी लटकत होती आणि फळीवर तो, शेवटची बाजू धुवायला निघालेला. त्याचे खांदे आणि डोकं तेवढं कठड्यावर दिसत होतं. तिने एका दमात सांगून टाकलं: काम गेलेलं नाही, साहेबांना खरं कळलंय, डाग मावशीने पाडले होते.

"बरं झालं," तो म्हणाला. "आभारी आहे." आणि हेल्मेटचा पट्टा घट्ट करू लागला. त्याने एकदाही तिच्याकडे धड पाहिलं नाही. "चला दाजी, सोडा."

"थांबा."

दाजी थांबले. तिला पुढचं वाक्य माहीत नव्हतं. कुठलंही वाक्य पाठ न करता कुणाशी बोलायची तिला सवयच नव्हती, आणि इथे समोर काचही नव्हती. तिने कठडा दोन्ही हातांनी धरला.

"डाग माझे नव्हते," ती म्हणाली. "मी डाग पाडणार नाही, ते माझ्याच्याने होणारच नाही. पण... झडप रोज मी उघडी ठेवत होते. तक्रार फोनवर करून भागत होतं, तरी मी वर येत होते. तुम्ही येणार म्हणून येत होते. ते मला आज कळलं, आणि माझ्याइतका धक्का दुसऱ्या कुणालाही बसला नसेल. तुम्ही मला आवडता. आता काय म्हणायचं ते म्हणा."

त्याचं तोंड उघडं, हात हेल्मेटच्या पट्ट्यावर तसाच, आणि डोळे असे की एखाद्याने त्याच्या हातातला दोर कापला असावा. आजवर इतक्या मजल्यांवरून खाली पाहिलेला माणूस, पण आता भोवळ येतेय की काय असं वाटावं. वाऱ्याने फळी हलली, कठड्याला टेकली, पुन्हा दूर गेली.

दाजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग थोडा आणखी. त्यांचा हात चरखीच्या दांड्यावर अवघडला होता.

"काय ते ठरवा बाबा," ते म्हणाले. "वर घेऊ की खाली सोडू?"

"वर घ्या, दाजी," तो म्हणाला, तिच्यावरची नजर न काढता. "आता खाली जाऊन काय करू?"